शेखलालचं कोमट पाणी

शिरूरमधल्या निम्म्या न्हाणीघरांचे नळ शेखलालने बसवलेले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे त्याने कधी ना कधी दुरुस्त केलेले आहेत. गिझर बसवून झाला की तो कॉक सोडायचा, धारेखाली उजवा हात धरायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झालं. घ्या न्हाऊन." पाणी नक्की किती गरम येतंय असं घरातल्या कुणी विचारलंच, तर त्याला राग यायचा. डॉक्टरने नाडी धरल्यावर कुणी विचारतं का, तुम्हाला कळतंय ना म्हणून? थर्मामीटर हा प्रकार त्याच्या मते तापाने फणफणलेल्या पोरांसाठी होता, पाण्यासाठी नव्हे.

शेखलाल मूळचा निमोण्याचा. बाप पाइपलाइनचे चर खणायचा आणि बापाच्या मागोमाग हाही शिरूरला आला. तेव्हा सगळा लोखंडी पाइपांचा जमाना होता. पाइपाला आटे पाडायचे, त्यावर ताग गुंडाळायचा, सफेदा लावायचा आणि पान्याला लोंबकळून आवळायचं. मग प्लास्टिकचे पाइप आले, तेव्हा जुने मिस्त्री नाकं मुरडत बसले, पण शेखलाल गोंद लावून पाइप चिकटवायला शिकला. पुढं मशीनवर वितळवून जोडायचे पाइप आले, तेही शिकला. रांजणगावच्या कंपन्यांमुळे गावात बंगले उठले, त्यांत नळांचे नाना नखरे आले, आणि शेखलालने एकेक नखरा उलगडून, साफ करून परत बसवला. नव्या वस्तूला तो कधी घाबरला नाही. त्याला भीती वाटायची ती एकाच न्हाणीची, आणि ती त्याच्या स्वतःच्या घरातली होती.

रशिदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, लकवा मारला होता. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, डोकं तर आधीपेक्षा जास्तच चालायला लागलं, पण डाव्या अंगाला ना ऊन कळायचं ना गार. तिची अंघोळ शेखलालच घालायचा. एकुलती एक मुलगी सुमैया दौंडला रेल्वे कॉलनीत दिलेली, तिचं घरदार सोडून ती रोज कुठून येणार? शेखलाल सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर रशिदाला बसवायचा, बादलीत पाणी काढायचा, हात घालून बघायचा आणि तांब्याने ओतायचा. दोघांची थट्टामस्करीही चालायची. "गिऱ्हाइकाला नुसता नळ देता, आन् मला मिस्त्रीसकट," असं ती म्हणायची.

मग मागचा उन्हाळा आला. उन्हाळ्यात छतावरच्या सोलरचं पाणी नुसतं उकळत असतं, हे शेखलालला सांगायला नको. त्याने बादलीत गार पाणी घेतलं, गरम सोडलं, हात घातला. कोमट लागलं. पहिला तांब्या डाव्या पायावर गेला, दुसराही तिथंच. तिसऱ्याचं पाणी उजव्या पायावर उडालं आणि रशिदा किंचाळली. तोवर डाव्या नडगीची कातडी सुटून आली होती. ती जखम भरायला पावसाळा संपला. त्या बाजूला रक्त नीट फिरत नाही, पुन्हा भाजलं तर पाय वाचेल याची हमी देत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

गंमत म्हणजे दवाखान्यात रशिदाने धडधडीत खोटं सांगितलं. "मीच बसल्या बसल्या गरमचा नळ सोडला," असं ती डॉक्टरला म्हणाली, सुमैयालाही तेच म्हणाली. शेखलाल शेजारी उभा होता. बादली ढवळायला आपण विसरलो, हात गेला त्या बाजूचं पाणी कोमट आणि दुसऱ्या बाजूचं गरम राहिलं, आणि ही बाई आपल्यावर पांघरूण घालतेय, असा त्याने त्याचा अर्थ लावला. ढवळल्यासारखं त्याला आठवत होतं. पण ढवळलं असतं, तर भाजली कशी असती? या एका प्रश्नाने त्याला पोखरून काढलं.

त्यानंतर रशिदाने त्याच्या हातून ऊन पाणी घ्यायचं सोडलं. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची. थंडीतसुद्धा गारच. सुमैया दौंडहून आली की तेवढी अंघोळ व्हायची, एरवी नाही. जी बाई अंगाला साबणाचा वास आल्याशिवाय चुलीजवळ जात नसे, ती आता अंगाला वास येतो म्हणून शेजारणींना लांब बसवायला लागली. शेखलाल हे रोज बघत होता. गावभर लोकांच्या अंगावर पाणी पाडून येणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोच्या अंगावर एक तांब्या ओतायची त्याची छाती होत नव्हती.

शेवटी सुमैयाने फोनवर शोधून एक व्हॉल्व्ह मागवून दिला. पुण्यात म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसवतात म्हणाली. शेखलालने खोका उघडला आणि तो बराच वेळ त्या चकचकीत वस्तूकडे बघत बसला. डाव्या तोंडातून गरम पाणी घ्यायचं, उजव्यातून थंड. आत मेणाची कांडी असते. मिसळलेलं पाणी जास्त गरम झालं की कांडी फुगते आणि गरम पाण्याची वाट अडवते. फिरवायच्या मुठीवर अंशांचे आकडे असतात, आणि अडतीसवर एक लाल बटण. ते बटण दाबल्याशिवाय मूठ पुढं सरकतच नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे थंड पाणी अचानक बंद झालं, तर हा व्हॉल्व्ह गरमही बंद करून टाकतो, थेंब सोडत नाही.

"माझ्यापरीस शहाना हाय," शेखलाल रशिदाला म्हणाला. "मी इसरंन, ह्यो इसरायचा न्हाई."

"सुमैयाला येऊ द्या," रशिदा म्हणाली. "ती आल्याबिगर मी त्याच्याखाली बसायची न्हाई."

हे त्याला लागलं.

कामाला लागला तो मात्र नवरदेवाच्या उत्साहाने. गिऱ्हाइकाच्या घरी फरशी फोडताना तो इतका जपून कधी हातोडी मारत नसे. त्यात पहिली अडचण अशी निघाली, की न्हाणीतलं थंड पाणी थेट नगरपरिषदेच्या लाइनचं, जोरात येणारं, आणि गरम बिचारं सोलरच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरणारं. अशी जोडी लावली तर थंड पाणी गरमाला मागं रेटणार आणि आतली कांडी गोंधळणार. म्हणून त्याने छतावरच्या टाकीतून थंडची वेगळी लाइन खाली आणली. दोन्ही पाणी एकाच उंचीवरून यायला लागलं. मग दोन्ही लाइन मोकळ्या सोडून आतला कचरा, वाळू, तागाचे जुने तंतू, सगळं धुऊन काढलं. असल्या व्हॉल्व्हला एक खडा बाधतो.

रशिदा चाकाच्या खुर्चीत बसून दारातून बघत होती. पाइप वितळवायचं मशीन तापलं होतं, शेखलाल जोड दाबून धरत होता, आणि त्याच्या करंगळीशेजारचं बोट मशीनच्या तव्याला टेकलेलं होतं.

"आवं, बोट! बोट भाजतंय!" ती ओरडली.

शेखलालने बघितलं. "व्हय की," म्हणाला आणि बोट काढून पायजम्याला पुसलं. कातडी पांढरी पडली होती. "मिस्त्रीचं कातडं हाय, गेंड्याचं. त्याला काय व्हतंय?"

रशिदा हसली नाही. तिने खुर्ची वळवली आणि आत गेली.

व्हॉल्व्ह बसला. शेखलालने पाणी सोडलं, मूठ अडतीसवर आणली, धार स्थिर होऊ दिली आणि मग थंडचा कॉक बंद केला. धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, सुतळीएवढी झाली आणि थांबली. गरमचा कॉक उघडाच होता, तरी थेंब नाही. शेखलालने पुन्हा उघडून पुन्हा बंद केला. पुन्हा तसंच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रशिदा, थांबतंय बघ! गरम थांबतंय!" असं तो न्हाणीतूनच ओरडला.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण सवयीप्रमाणे त्याने धारेखाली उजवा हात धरला, डोळे मिटले आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पाणी गारच होतं. मुठीवर आकडा अडतीस आणि हाताला नळाचं पाणी लागावं तसं. तो स्वतःशीच हसला. कारखान्यातल्या पोरांनी आकडे आपले अंदाजपंचे टाकलेत, त्याच्या मनात आलं. खोक्यातल्या कागदावर इंग्रजी होतं, पण चित्रं होती. मूठ काढायची, धारेत थर्मामीटर धरायचा, आतली दांडी फिरवून पाणी अडतीसवर आणायचं आणि मूठ परत अडतीसच्या खुणेवर बसवायची. शेखलालने यातलं सगळं केलं, फक्त थर्मामीटर धरला नाही. हात असताना थर्मामीटर कशाला? दांडी बरीच फिरवावी लागली. हाताला कोमट लागलं तेव्हा तो थांबला, मूठ खुणेवर ठोकून बसवली आणि स्क्रू आवळला. आता लाल बटण बरोबर आपण म्हणू तिथं अडणार, या समाधानाने तो त्या रात्री गाढ झोपला.

रविवारी सुमैया आली. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने येणारी एसटी नेहमीप्रमाणे वैताग आणत आली होती, पण सुमैया आल्या आल्या ओढणी खोचून न्हाणीत शिरली. रशिदाला खुर्चीवर बसवलं. रशिदाचा उजवा पाय थरथरत होता. डावा, ज्याला काही कळत नव्हतं, तो गपगार होता.

"घाबरू नको," शेखलाल म्हणाला. "अडतीसच्या फुडं जातच न्हाई. बटण हाय." त्याने पाणी सोडलं, हात धरला. "कोमट. एकदम कोमट." आणि नळीच्या टोकाचा फवारा रशिदाच्या डाव्या पायाकडे नेला.

सुमैयाने आईचा पाय धरायला म्हणून हात मध्ये घातला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. "अब्बा! आवं अब्बा, चटका बसतोय!" तिने फवारा हिसकावून भिंतीकडे वळवला.

"काहीतरीच काय? कोमट हाय."

"माझा हात बघा, लाल झालाय!"

"तुझा हात नाजूक हाय."

"रोज तव्यावरच्या चपात्या हातानं उलटते मी, नाजूक कसला?"

शेखलालला राग आला. पोटची पोर आपल्याला पाणी शिकवायला लागली? त्याने पुन्हा हात धरला, आणि तसाच धरून ठेवला, तिने नीट बघावं म्हणून. त्या हातावरून वाफ निघत होती. सुमैयाने धावत जाऊन कपाटातला ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि टोक धारेत धरलं. आकडे भराभर वर पळाले आणि मग आकड्याच्या जागी नुसतं एक इंग्रजी अक्षर आलं. याच्या पुढं मोजता येत नाही, असा त्याचा अर्थ.

"त्यो बिघडलाय," शेखलाल म्हणाला. आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता.

तेव्हा रशिदाने आपला उजवा हात पुढं केला. "हिकडं आना," म्हणाली. सुमैया नको नको म्हणत असताना तिने दोन बोटं धारेला लावली आणि ओठ दाबून मागं घेतली. नवऱ्याकडे बघत राहिली. सुमैयाने नळ बंद केला.

मग सुमैयाने जे केलं ते एखाद्या लहान पोराच्या खेळासारखं वाटेल. तिने अब्बाला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि बोटांच्या टोकांना चिमटे काढायला सुरुवात केली. "सांगा, आता कुठलं बोट?" शेखलालने एक सांगितलं, ते चुकलं. दुसरं सांगितलं, तेही चुकलं. शेवटी ती चिमटा काढत होती आणि तो म्हणत होता, "काढ की, काढत का न्हाईस?"

डोळे उघडल्यावर त्याने स्वतःची बोटं बघितली. नखांच्या खुणा उमटलेल्या होत्या. परवाचं भाजलेलं बोट काळपट पडलं होतं आणि त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पायातली चप्पल रस्त्यात निसटून मागं राहते आणि लोक हाका मारून सांगतात, हे किती दिवस चाललंय? वाळूचे खडे बुटात सापडतात आणि टोचलेले आठवत नाहीत. रक्तात साखर आहे म्हणून डॉक्टरने कधीच सांगितलं होतं. गोळी आठवली तर घ्यायची, गिऱ्हाइकाच्या घरचा गोड चहा मात्र नाकारायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. साखर आतून हातापायांची जाणीव खाते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्याने ऐकलं नव्हतं.

"परत येतंय का गं हे?" त्याने विचारलं. "हाताचं?"

"दौंडला एक चांगले डॉक्टर हायत, दाखवू," सुमैया म्हणाली. विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ती थर्मामीटर पुसायचं निमित्त करून बाहेर गेली.

न्हाणीत दोघंच राहिली. पाइपातलं राहिलेलं पाणी टपटपत होतं. शेखलालच्या मनात मागचा उन्हाळा हळूहळू लख्ख होत गेला. बादली त्याने ढवळली होती. चांगली गरागरा, मनगट बुडेपर्यंत हात घालून ढवळली होती. त्या पाण्यात त्याचा हात होता, आणि हाताने सांगितलं होतं, कोमट आहे.

"रशिदा," तो म्हणाला, "मी त्या दिशी ढवळलं व्हतं."

"ठावं हाय. मी बघतच व्हते की."

"तुला ठावं व्हतं? हाताचं?"

"हात लाल झाला व्हता तुमचा. आन् तुम्ही म्हनत व्हता कोमट हाय. तवाच समजलं."

"मग बोलली का न्हाईस? आगं, डाक्टरला खोटं सांगितलंस, मला तरी..."

रशिदाने पदर उजव्या हाताने सावरला. तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा. त्या दिवशी जास्तच लागला. "सांगितलं आसतं तर तुम्ही काम सोडून घरी बसला आसता," ती म्हणाली. "मी एक बसलीय तीच लई हाय. एका घरात दोघं बसल्यावर कसं व्हायचं?"

आजवर शेखलालने धारेखाली हात धरून "घ्या न्हाऊन" म्हणून सांगितलेली घरं त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागली. कुणाच्या घरी तान्हं बाळ होतं, कुणाची नव्वदीची सासू होती. त्यातल्या कुठल्या घरी त्याचा हात खरं बोलला आणि कुठल्या घरी खोटं, हे आता शोधायचं कसं? देवाने हात काढून घेतला असता तर दिसलं तरी असतं. हा तर जागच्या जागी होता, पाना धरत होता, घास तोंडात घालत होता आणि राजरोस फसवत होता. शेखलालला स्वतःच्याच हाताची भीती वाटली आणि त्याने तो मांडीखाली दाबला.

पण रशिदा न्हाणीत बसलेली होती, अंगावर काटा आलेली, आणि तिची अंघोळ व्हायची होती. सुमैयाने परत आत येऊन मूठ काढायला सांगितलं. शेखलालने स्क्रू काढला. पाणी सोडलं. रशिदाने उजवा हात पुढं करून धारेच्या कडेला धरला आणि शेखलाल आतली दांडी उलटी फिरवायला लागला.

"अजून," रशिदा म्हणाली. तो फिरवत गेला. "अजून. आता जरा बरं. अजून थोडं. बास, बास, आता."

सुमैयाने थर्मामीटर धरला. या वेळी आकडा आला आणि जागेवर राहिला. दांडी फिरत फिरत जिथं येऊन थांबली होती ती जागा शेखलालने ओळखली. कारखान्यातल्या पोरांनी ती आधीच तिथं ठेवलेली होती. त्याने मूठ बसवली, थंडचा कॉक बंद करून बघितला, धार थांबली, परत उघडला. एवढं सगळं झाल्यावर सवयीने त्याचा उजवा हात धारेकडे गेला, आणि अर्ध्या वाटेतच त्याने तो मागं घेतला.

"अब्बा, तुम्ही बाहेर थांबा," सुमैया म्हणाली.

तो दाराबाहेर उभा राहिला. आत पाणी पडत होतं. साबणाचा वास आला. मायलेकी काहीतरी बोलत होत्या, आणि मध्येच रशिदा म्हणाली, "आगं, डोक्यावरनं घाल की, भितीस कशाला?" किती महिन्यांनी तिने अंघोळीत तोंड उघडलं होतं. शेखलालला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. खिशातला फोन वाजला. प्रीतम प्रकाशनगर वसाहतीतल्या एका नव्या बंगल्यातून होता, त्यांचे दोन गिझर बसवायचे राहिले होते. घंटा वाजून वाजून थांबली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. त्याने फोन घेतला नाही आणि बंदही केला नाही.

"अब्बा, या. अम्मीला उठवायचंय," आतून हाक आली.

रशिदा कोरडे कपडे घालून खुर्चीवर बसली होती. केस ओले होते, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ दिसत होता. सुमैयाने तिच्या उजव्या काखेत हात घातला. "तुम्ही डावीकडून या. हात घट्ट धरा, फरशी ओली हाय."

शेखलाल डावीकडून वाकला आणि त्याने रशिदाचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला.

"धरला का?" सुमैयाने विचारलं.

रशिदाला त्या हातातलं काही कळत नव्हतं. शेखलालला आपल्या हातातलं काही कळत नव्हतं. उत्तर द्यायला म्हणून दोघांनीही मान वाकवून खाली बघितलं.

"धरलाय," शेखलाल म्हणाला.